मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?

श्रोतेहो, पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या गावागावांतून एक वाक्य हमखास कानी पडते : "मृग लागला बरं का!" पंचांगात पाहावे तर त्या दिवशी जूनची ७ किंवा ८ तारीख असते. पाभर दुरुस्त होऊन अंगणात उभी असते, बियाण्याची पोती घरात आलेली असतात, आणि लहानथोर सगळ्यांची नजर आभाळाकडे लागलेली असते. हे आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. पण मृग लागला म्हणजे नेमके काय लागले, असे जर कोणी विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला स्वतःला सांगता आले नव्हते. आज त्याचीच हकिकत सांगणार आहे.

२०११ सालची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात, जेऊर स्टेशनापासून काही मैलांवरच्या एका गावी मी शास्त्र हा विषय शिकवीत होतो. शाळा नुकतीच उघडली होती. मृग लागून आठवडा झाला होता. सातवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मृग लागला म्हणत्यात. मग मृगाच्या चांदण्या आता का दिसत न्हाईत? आजा म्हणतो, तिकांडं थंडीत दिसतं. मग आता लागलं ते काय?"

मी म्हणालो, "धडा काय चाललाय, तुझं काय चाललंय! बस खाली."

मुलगी बसली. वर्ग हसला. धडा पुढे गेला. परंतु खरे सांगतो, त्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. इतकी वर्षे शास्त्र शिकवीत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शिक्षकाला उत्तर येत नसले म्हणजे त्याचा आवाज चढतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मनाशी पडताळून पाहावा.

ती मुलगी पुन्हा काही बोलली नाही, पण प्रश्न तिने टाकला नव्हता. तो तिने नऊ महिने जपून ठेवला, आणि शेवटी पुण्याला नेऊन विचारला. तिथे तिला उत्तर मिळाले, आणि मलाही.

पुण्याला म्हणजे कुठे, ते आधी सांगतो. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे २०१४ पासून ज्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणतात त्याच्या आवारात, खगोलशास्त्राचे एक मोठे केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते १९८८ साली स्थापन केले. त्याचे नाव लांबलचक आहे, पण सगळे लोक त्याला 'आयुका' म्हणूनच ओळखतात. देशातल्या सगळ्या विद्यापीठांतील खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी तिथे यावे, राहावे, संशोधन करावे, हा त्याचा मूळ उद्देश. त्याचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजला शिकून जगभर नाव मिळवलेले हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांचे मोठेपण अनेक प्रकारचे होते. मला त्यातले एक विशेष वाटते. एवढी मोठी संशोधनसंस्था उभी करताना त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी तिचे दार पहिल्यापासून उघडे ठेवले.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान, अशी प्रथा तिथे पडली. ज्या सभागृहात एरवी मोठमोठे पंडित किचकट समीकरणे मांडतात, त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर मुले बसत, आणि एखादा खरा शास्त्रज्ञ त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोले. व्याख्यान संपले की मुले सही घ्यायला धावत. नारळीकर सही देत नसत. ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेल. पाहा, केवढी साधी युक्ती आहे! सहीचा कागद मुलाच्या वहीत पडून राहिला असता. प्रश्न लिहायचा म्हणजे मात्र मुलाला आधी विचार करावा लागतो.

याशिवाय दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आयुकाची दारे सर्वांसाठी उघडी होत आली आहेत. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध जाहीर झाला होता. या दिवशी प्रयोग, व्याख्याने, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारण्याचा तास, आणि आभाळ निरभ्र असले तर दिवस मावळल्यावर दुर्बिणीतून आकाशदर्शन, असा भरगच्च बेत असतो. २०१२ च्या २८ फेब्रुवारीला मी आमच्या शाळेची २६ मुले घेऊन जेऊरहून रेल्वेने पुण्याला गेलो. त्या मुलांत सातवीतली ती मुलगीही होती.

आवारात शिरताच मधल्या चौकात चार पुतळे दिसतात : आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. इमारतीत एक लांब तारेचा लंबक आहे. तो संथपणे झुलत असतो. पहिल्याने पाहिले तर त्यात विशेष काही वाटत नाही. पण तासाभराने परत येऊन पाहिले, तर झुलण्याची त्याची दिशा थोडी वळलेली दिसते. लंबकाला कोणी वळवलेले नसते. त्याच्याखालची जमीन, म्हणजे आपली पृथ्वीच फिरलेली असते. पुण्याच्या अक्षांशावर या लंबकाला पुरती एक फेरी घ्यायला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. पृथ्वी फिरते हे मी फळ्यावर अनेकदा लिहिले होते. ती फिरताना मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दुपारी प्रश्नोत्तरे झाली. एका मुलाने विचारले, "विश्वाच्या पलीकडे काय आहे?" व्यासपीठावरच्या शास्त्रज्ञांनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे सांगितले, "मला माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही." सभागृहात कोणी हसले नाही. त्यांचा आवाजही चढला नाही. उलट तो मुलगा असा खुलला, की जणू आपण काही मोठेच विचारले! मी मात्र खाली मान घालून बसलो. जून महिन्यातला माझा वर्ग मला आठवत होता.

मग संध्याकाळ झाली. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर पश्चिमेचे आकाश मोठे देखणे होते. शुक्राची चांदणी लखलखत होती, तिच्या वरच्या अंगाला गुरू होता, आणि सहा-सात दिवसांचा चंद्र वर आला होता. दुर्बिणींपुढे रांगा लागल्या. आमची मुले रांगेत उभी राहिली.

इथे एक गोष्ट मोकळेपणी सांगितली पाहिजे. दुर्बिणीतून पाहणाऱ्याची पहिल्यांदा थोडी निराशा होते. पुस्तकातली रंगीत चित्रे पाहून आपण गेलेलो असतो. प्रत्यक्षात गुरू दिसतो वाटाण्याएवढा, फिकट, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत सुईच्या टोकाएवढे तीन-चार ठिपके. आमचा एक मुलगा म्हणाला, "एवढंच?" दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने त्याला समजावले. ते ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. १६१० साली गॅलिलिओने तेच पाहिले आणि रोज रात्री त्यांच्या जागा वहीत टिपून ठेवल्या. जागा बदलत होत्या. म्हणजे ते गुरूभोवती फिरत होते. सगळेच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, हे त्या ठिपक्यांवरून माणसाला प्रथम डोळ्यांनी दिसले. मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला आता परत पाहायचे होते.

चंद्राने मात्र कोणाची निराशा केली नाही. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराची जी सीमा असते, तिथे खड्ड्यांच्या आणि डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि सारे कसे कोरून काढल्यासारखे दिसते. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. तेव्हा चंद्र पाहायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी, हे आपणही ध्यानात ठेवावे.

आणि मग आमच्या त्या मुलीने आपला प्रश्न काढला. मृगाच्या चांदण्या समोर, दक्षिणेकडे झुकत्या, जवळजवळ डोक्यावर चमकत होत्या. बोट दाखवून तिने त्या विद्यार्थ्याला विचारले, "हा मृग आता दिसतोय. मग जूनमध्ये मृग लागतो तो कोणता?"

विद्यार्थी म्हणाला, "तोच! थांब, करूनच दाखवतो."

त्याने काय केले ते नीट ऐका, कारण हे कुठल्याही शाळेच्या अंगणात करता येते. त्याने एका मुलाच्या हाती बॅटरी दिली आणि त्याला मधोमध उभे केले. हा झाला सूर्य. बारा मुलांचे मोठे कडे करून त्यांना सभोवती उभे केले. ही झाली दूरची नक्षत्रे. त्यांतल्या एकाला नाव दिले मृग. मग आमच्या मुलीला त्याने पृथ्वी केले आणि कड्याच्या आत, सूर्याभोवती फिरायला सांगितले. "सूर्याकडे तोंड केलंस की तुझा दिवस. पाठ केलीस की रात्र. आता अशा जागी ये, की सूर्य तुझ्या आणि मृगाच्या मध्ये येईल. दिसतो का मृग?"

"न्हाई. बॅटरीचा उजेड डोळ्यावर येतोय."

"हा तुझा जून महिना. मृग सूर्याच्या मागच्या बाजूला आहे. सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. दिवसा आकाशात असतो, पण उजेडात दिसत नाही. आता अर्धा फेरा मारून पलीकडे जा आणि सूर्याकडे पाठ कर. समोर कोण?"

"मृग!"

"हा तुझा डिसेंबर. मध्यरात्री मृग डोक्यावर."

झाले! दोन मिनिटांचे काम. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. नक्षत्रे सत्तावीस आणि वर्षाचे दिवस ३६५. तेव्हा एकेका नक्षत्राच्या वाट्याला सूर्य साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रांचा आपला पावसाळा म्हणजे आभाळात मांडलेली तारखांची पट्टी आहे. नक्षत्र पाऊस पाडत नाही. मृग कोरडा गेला तर दोष चांदण्यांचा नाही. नक्षत्र फक्त सांगते, की वर्षातली ही वेळ आली. छापील पंचांग घरोघरी नसताना ज्यांनी अशी पट्टी बसवली, त्यांनी किती वर्षे, किती रात्री आकाश पाहिले असेल, याचा विचार मनात आला की मान लवते.

परत निघताना त्या विद्यार्थ्याने विचारले, "कुठून आलात?" मी जेऊर म्हणताच तो म्हणाला, "जेऊर? खगोलशास्त्राच्या इतिहासात तुमच्या जेऊरचं नाव आहे, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हते. ती कथाही सांगण्यासारखी आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची काळी छाया जेऊरवरून गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला तळ ठोकून बसले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच उतरली होती. जेमतेम दोन मिनिटांच्या त्या अंधारात सूर्याच्या प्रभामंडळाचे वेध घ्यायला माणसे सातासमुद्रापलीकडून आली होती, आमच्या जेऊरच्या माळावर!

या नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याला एक वेधशाळा उभारली होती. तिचा आरंभ १८८८ चा. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातली सर्वांत मोठी होती. परंतु १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि दुर्बीण दक्षिणेला कोडईकनालला गेली. दुर्बीण होती, इमारत होती, कीर्तीही होती. पण सारा भार एका माणसाच्या खांद्यावर. तो खांदा बाजूला झाला आणि घर मिटले. पुढे त्याच पुण्यात, त्या वेधशाळेच्या आरंभानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली आयुकाची स्थापना झाली. दुसऱ्या शनिवारी मुलांना खुर्च्यांवर बसवण्यात वेळ का घालवायचा, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने ही १९१२ ची गोष्ट आठवावी. नुसत्या दुर्बिणींवर शास्त्र टिकत नाही. मागून येणारी माणसे लागतात, आणि ती शाळेच्या बाकांवरूनच येतात.

शिक्षकांसाठी आणखी एक नाव सांगतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, कोकणातल्या मुरूडचा. पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीच्या विद्वानांनी तो मानला. पण याच गृहस्थांनी सामान्य वाचकांसाठी आकाशदर्शनाचे एक पुस्तकही लिहिले : 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. पुस्तकाचे नावच पाहा! गाढ पंडित, पण चांदण्या पाहणे ही दोन घटकांची मौज आहे, हे तो विसरला नाही. शिक्षकाने आकाश शिकवावे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही.

सर्वांनाच पुण्याला जाणे जमेल असे नाही. जुन्नर-नारायणगावच्या बाजूचे श्रोते असतील, त्यांच्या तर दारातच खोडद आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड दुर्बिणी आहेत. कै. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या उभारल्या. त्यांतून डोळ्याने काही पाहायचे नसते. तारे आणि दीर्घिका यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. आत्ता आपण रेडिओवर बोलतो आहोत ना, त्याच जातीच्या लहरी, पण कल्पनेपलीकडे क्षीण. म्हणून तर ही जागा शहराच्या गोंगाटापासून दूर निवडली. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदलाही विज्ञानप्रदर्शन भरत आले आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली शाळकरी मुले आपण बनवलेले प्रयोग घेऊन तिथे जातात.

आता आमच्या गावची पुढची हकिकत. परत आल्यावर मनात आले, पुण्याच्या उजेडात जे आकाश अर्धेच दिसत होते, ते आपल्याकडे सबंध आहे. तिथे दुर्बीण आहे, पण आकाशगंगा दिसत नाही. आपल्याकडे दुर्बीण नाही, पण अमावास्येच्या रात्री माळावर उभे राहिले तर आकाशगंगेचा पट्टा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत दिसतो. मग आपणच आकाशदर्शन का करू नये?

त्याच वर्षी मार्गशीर्षात आम्ही पहिली रात्र ठरवली. पहिली अडचण मुलींची आली. "पोरी रात्रीच्या कशा येतील?" असे घरोघरी विचारू लागले. प्रश्न खोटा नव्हता. ज्या मुलीमुळे हे सारे सुरू झाले, तिच्याच घरून नकार आला. तेव्हा आम्ही निरोप धाडला, की आयांनीही यावे. थंडीत दिवस लवकर मावळतो. आठ वाजता सुरू करून साडेनऊला सगळ्यांनी मिळून परत फिरायचे. त्या रात्री शाळेच्या पटांगणात मुलांपेक्षा आया आणि आज्या अधिक होत्या. त्या मुलीचा आजाही आला, घोंगडी पांघरून.

पूर्वेला मृग वर येत होता. मी सांगू लागलो, "हे चार पाय, आणि पोटात रुतलेला हा तीन ताऱ्यांचा बाण..." आजा मधेच म्हणाला, "हेच आमचं तिकांडं. मोटंच्या दिसांत हे डोईवर आलं की आम्ही रातचं पाणी द्याया उठायचो. घड्याळ कुणापाशी हुतं?" मग एक म्हातारी सप्तर्षींची गोष्ट सांगू लागली : ती म्हातारीची बाज आणि ते तीन चोर. सप्तर्षी अजून उगवायचे होते, तरी कुठून वर येतील ते तिने अचूक बोट करून दाखवले. मी वर्गात ज्यांच्या नातवंडांना गप्प केले होते, त्यांच्यापाशी आकाशाचे इतके ज्ञान होते. विद्यापीठाने मला कारण शिकवले, गावाने मला घड्याळ शिकवले. दोन्ही मिळून धडा पुरा झाला.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. दुर्बिणीची वाट पाहू नका. दसरा-दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ होते, तेव्हा सुरुवात करा. पटांगणातले दिवे मालवायला सांगा आणि वीस-पंचवीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. बॅटरीवर लाल कागद बांधा, म्हणजे सरावलेले डोळे बिघडत नाहीत. एका रात्री दोन-तीनच गोष्टी दाखवा. तिकांड्याची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ उलट वर नेली की तांबूस रोहिणी, आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तिसरीतल्या मुलाला सांगा, की तुझा जन्म झाला त्या सुमारास निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत शिरतो आहे. मग त्याचे तोंड पाहा.

ध्रुव शोधायला शिकवा आणि हात लांब करून मुठीने त्याची उंची मोजायला लावा. लांब धरलेली एक मूठ सुमारे दहा अंशांची. आपल्या महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून सुमारे सोळा ते बावीस अंश वर, म्हणजे दीड-दोन मुठींवर दिसतो. जेवढी ध्रुवाची उंची, जवळजवळ तेवढाच आपल्या गावाचा अक्षांश. नकाशातला तो आकडा मुलाने स्वतःच्या मुठीने मोजला, की भूगोल त्याचा झाला. मात्र एक ताकीद : कुठल्याही दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका, क्षणभरसुद्धा नाही. डोळा कायमचा जातो.

आणि एक वही ठेवा. पहिल्या पानावर मुलांचे प्रश्न लिहा. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर सरळ म्हणा, "मला माहीत नाही, आपण शोधू." हे म्हणायला मला बराच काळ लागला. म्हटल्यावर कळले, की त्याने शिक्षकाची पत कमी होत नाही. पोस्टकार्ड अजूनही पोस्टात मिळते. एकेक प्रश्न एखाद्या विद्यापीठात, एखाद्या शास्त्रज्ञाला धाडून द्या.

यंदा मृग लागेल, पेरणीची घाई होईल, आणि एखाद्या वर्गात एखादी मुलगी उभी राहून भलताच प्रश्न विचारील. त्या वेळी तिला खाली बसवू नका. बाकीच्या मुलांना उठवा, अंगणात न्या, कडे करून उभे करा, आणि मधोमध सूर्य म्हणून कोणाला तरी बॅटरी द्या.